लोकल गार्डियनची सही

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी साडेसातला बंद व्हायचं. मुलांच्या हॉस्टेललाही फाटक होतं, पण ते बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याचं एक दार जमिनीत रुतून बसलं होतं आणि ते उपसून काढावं असं चार वर्षांत कुणालाही वाटलं नाही. आमच्या फाटकाला मात्र दर दिवाळीच्या सुट्टीत नेमाने तेलपाणी होत असे.

साडेसातनंतर बाहेर राहायचं तर लेट पास लागे. त्यासाठी लोकल गार्डियनची, म्हणजे पुण्यातल्या पालकाची, सहीची चिठ्ठी आदल्या दिवशी बारापर्यंत रेक्टरबाईंच्या टेबलावर पोचवायची. ज्यांचे मामा कोथरूडला आणि मावश्या सहकारनगरला, त्यांना यात काही अडचण नव्हती. आम्ही तिकडे विदर्भातले, वरूडकडचे. वडिलांची संत्र्याची बाग होती. प्रवेशाच्या वेळी गार्डियनचं कार्ड भरताना त्यांनी तो रकाना वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"पुन्यात आपलं कोन हाये?" ते म्हणाले. मग थोडा विचार करून स्वतःच उत्तर दिलं, "अडत्या हाये."

अडत्या म्हणजे मार्केट यार्डात आमची संत्री विकून देणारा माणूस. वडिलांचं त्याच्याशी बरीच वर्षं फोनवर बोलणं होतं, आणि ते सगळं बोलणं संत्र्याच्या भावाबद्दल होतं. पण दुसरं कुणी नव्हतंच. एसटीतून उतरलो ते ट्रंक-वळकटीसकट थेट यार्डात गेलो. गाळ्यापुढे लिलाव चालू होता, हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येत होते. वडिलांनी ओरडून काहीतरी सांगितलं, एका पेटीवर कार्ड ठेवलं, आणि टोपीवाल्या एका माणसाने लिलावावरची नजर न हटवता त्यावर सही ठोकली. मी ट्रंकेवर बसून होते. आपली जबाबदारी कोण घेतंय ते नीट बघून घ्यावं, एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती.

कार्डावर एकीकडे माझा फोटो आणि दुसरीकडे गार्डियनचं नाव, पत्ता, सही. शेवटचा रकाना होता विद्यार्थिनीशी असलेल्या नात्याचा. त्यात वडिलांनी लिहिलं होतं, 'शेतकरी'. ऑफिसातल्या माणसाने ते न वाचताच पेटीत टाकलं.

पुढची तीन वर्षं मी एकदाही लेट पास मागितला नाही. शहाणी होते म्हणून नव्हे, वैताग नको म्हणून. पहाटे एका बंबापुढे चाळीस बादल्यांची रांग, मेसमध्ये आठवड्यातून चार दिवस वांगं, जिन्याखालच्या फोनवर आईशी बोलायला लागले की मागे पाच जणी घड्याळं बघत उभ्या. एवढा ताप पुरे होता. तेव्हा मी मुकाट्याने साडेसातच्या आत येत असे आणि आपण फार समजूतदार आहोत असं मानत असे.

शेवटच्या वर्षी कंपन्या आल्या. ते दिवसच तसे होते. सॉफ्टवेअरवाले गाड्या भरभरून यायचे आणि सिव्हिल असो की मेकॅनिकल, चार वाक्यं इंग्रजीत बोलणाऱ्याला उचलायचे. मी सिव्हिलची. घरी वडिलांच्या एका स्नेह्यांनी मुलगा बघून ठेवला होता, आणि परीक्षा होईपर्यंत नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं ठरून गेलं होतं. मला कुणी जबरदस्ती करत नव्हतं; फक्त नाही म्हणायला हातात काहीतरी हवं होतं. दोन कंपन्यांनी मला पाडलं होतं. ही तिसरी, आणि सिव्हिलवाल्यांना घेणारी शेवटची.

मंगळवारी संध्याकाळी नोटीस लागली: गुरुवारी सकाळी लेखी, दुपारी ग्रुप डिस्कशन, संध्याकाळी सहापासून मुलाखती, आठ-साडेआठ होतील. मुलाखती आमच्याच कॉलेजच्या सभागृहात होत्या. माझ्या खोलीच्या खिडकीतून त्याचा दरवाजा दिसायचा. मधे फक्त बॅडमिंटनचं मैदान होतं.

मी रेक्टरबाईंकडे गेले. त्या स्वच्छ, किडकिडीत, कधीही आवाज न चढवणाऱ्या. म्हटलं, "बाई, मुलाखत समोरच आहे. कॅम्पसच्या बाहेर जायचंच नाही."

"फाटकाच्या बाहेर जायचंय ना?"

"हो, पण कंपनी मोठी आहे हो. त्यांची वेळ आपण कशी बदलणार?"

"कंपनी मोठी असेल," त्या म्हणाल्या, "आमचं फाटक लहानच आहे. चिठ्ठी आणा."

बुधवारी पहाटे पहिल्या पीएमटी बसने स्वारगेट, तिथून चालत मार्केट यार्ड. गाळ्यावर गार्डियन भेटले. पन्नाशीचे, जाडजूड, मानेभोवती पंचा. मी कोण ते सांगावं लागलं. ओळख पटल्यावर त्यांनी चहा मागवला, एक संत्रं हातात दिलं आणि चिठ्ठीवर सही केली. अकराच्या आत मी परत हजर. वेळेआधी तासभर! आयुष्यात प्रथमच मी नियमाच्या पुढे होते.

रेक्टरबाईंनी पेटीतून माझं कार्ड काढलं. चिठ्ठी शेजारी ठेवली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"सही जुळत नाही."

"अहो, माझ्यासमोर केलीय त्यांनी!"

"आपल्यासमोर कुणीतरी केली असेल. या दोन सह्या एका माणसाच्या नाहीत." मग त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. "आणि 'शेतकरी' हे कसलं नातं?"

मला रडू आलं नाही, संताप आला. बाईंचा, वडिलांचा, त्या टोपीवाल्याचा, आणि तीन वर्षं कार्ड न बघता निमूट साडेसातला आत येणाऱ्या माझा स्वतःचा. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गाळ्याला फोन लावला, तर बाजार उठलेला. वहीत कुठेतरी त्यांच्या घरचा नंबर होता, तो सापडेपर्यंत तीन वाजले. त्यांना झोपेतून उठवून सगळं सांगितलं.

"उद्या दुपारच्याला येतो," एवढंच म्हणाले.

गुरुवारी लेखी झाली, पास झाले. ग्रुप डिस्कशन झालं, त्यातही टिकले. साडेचारला शिपाई सांगत आला की तुमचे पालक हॉस्टेलवर आलेत. धावत गेले. ते रेक्टरबाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते, पायाशी संत्र्यांची पिशवी. ती त्यांनी देऊ केली असणार आणि बाईंनी घेतली नसणार, हे दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

"कार्डावरची सही माझ्या थोरल्या भावाची हाय," ते सांगत होते.

"नाव आपलं आणि सही भावाची?"

"अहो बाई, आमच्यात तसंच हाय. गाळ्यावर जो हजर, तो सही करतो. त्या दिवशी भाऊ हजर होता. यार्डात कुनी कधी इचारलं न्हाई."

"हे यार्ड नाही. मला एवढंच सांगा, ही मुलगी नक्की कुणाच्या जबाबदारीवर आहे?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गाळ्याच्या," ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. जिच्या आयुष्याचा निकाल दोन तासांवर आलाय, ती मुलगी मार्केट यार्डातल्या एका पत्र्याच्या गाळ्याच्या जबाबदारीवर!

चिठ्ठीची वेळ काल बारालाच संपली होती, तेव्हा लेट पास मिळणं नव्हतंच. पण बाईंनी नियमांची फाइल उघडून आणखी एक कलम काढलं. पालक स्वतः येऊन मुलीला घेऊन गेले आणि स्वतः परत आणून सोडलं, तर रात्री नऊपर्यंत हरकत नव्हती. तेवढ्या वेळात मुलीने पालकांसोबतच राहायला हवं. त्या वाकड्या नव्हत्या हे आज मला कळतं. ते कलम त्यांनी शोधून काढलं होतं. पण तेव्हा मला फक्त फाइल फेकून मारावीशी वाटली.

अशा रीतीने माझ्या लोकल गार्डियनने मला ताब्यात घेतलं आणि बॅडमिंटनचं मैदान ओलांडून सभागृहापर्यंत सुखरूप पोचवलं. बरोबर वर्गातली मुलं होती. त्यांच्यातल्या एकाच्याही बाजूला पंचा गुंडाळलेला पालक नव्हता. एकाने मला हळूच विचारलं, "ए, तुझे पप्पा का?" मी म्हटलं, "नाही, गाळा." त्याला काही कळलं नाही. समजावून सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती.

ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पहाटे तीनला उठणारा माणूस, एरवी सातला जेवून झोपणारा. सहा वाजले, सात वाजले. माझा नंबर येईना. मी मधूनमधून बघत होते. त्यांची मान छातीवर पडायची, ते दचकून उठायचे, मी जागेवर आहे ना ते बघायचे आणि परत डुलकी घ्यायचे. साडेसातला फाटक बंद झाल्याचा आवाज मैदानापलीकडून स्पष्ट ऐकू आला.

पावणेआठला मला आत बोलावलं. वीस मिनिटं बोलले, काय बोलले ते आठवत नाही. बाहेर थांबायला सांगितलं, परत बोलावलं. कंपनीच्या माणसाने एक कागद पुढे सरकवला. "काँग्रॅट्स. इथे सही करा."

आता मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी कागद उचलला, "एक मिनिट हं, माझे गार्डियन बाहेर आहेत," म्हटलं आणि बाहेर पळाले. त्यांना हलवून जागं केलं.

"काका, नोकरी लागली. सही करा."

त्यांनी डोळे चोळले. कागद लांब धरून पाहिला. सगळा इंग्रजीत. "कामावर कोन जानार?"

"मी."

"मग मी कशाला सही करू? गाळ्यावर जो हजर तो करतो, सांगितलं ना." कागद परत माझ्या हातात दिला. "हितं तू हजर हाय."

तिथेच, बाकावर कागद ठेवून, गुडघे टेकून मी सही केली. नीट आली नाही. करायची वेळच फारशी आली नव्हती.

नंतर ते मला मैदान ओलांडून परत घेऊन आले. रेक्टरबाई फाटकापाशी रजिस्टर घेऊन बसल्या होत्या, शेजारी कार्ड. मुलगी परत मिळाल्याच्या रकान्यात त्यांनी गार्डियनची सही घेतली, कालच्या चिठ्ठीशी ताडून पाहिली, मान हलवली. मी दोघांच्या मधे उभी होते, सामानासारखी. दहा मिनिटांपूर्वी मला नोकरी लागली होती आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. मी बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि काकांच्या सहीखाली, रकाना नव्हता तिथे, माझी सही केली.

"इथे आपल्या सहीची गरज नसते," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि पेन त्यांना परत दिलं.