उंच बांधलेला पाला

डॉ. माधवराव वालूरकर सरांची आणि माझी पहिली ओळख एका शेळीच्या मांडीवरून झाली. परभणीत त्यांच्या प्रयोगशाळेत मी सहायक म्हणून रुजू झालो, त्या सकाळी सरांनी हातात मोजपट्टी दिली आणि म्हणाले, "खंदारे, दोन्ही मांड्या मोजा." प्रयोगासाठी घातलेल्या प्लास्टरमधून नुकतीच निघालेली मांडी दुसरीपेक्षा चांगलीच बारीक भरली. मी विचारले, "जखम मोठी होती का, सर?" ते म्हणाले, "जखम कसली? तिला काम नव्हते, एवढेच."

सरांची वर्षानुवर्षांची साधना या एका वाक्यात आहे. स्नायूतली प्रथिने रोज मोडतात आणि रोज नव्याने बांधली जातात. काम थांबले की मोड चालूच राहते, बांधणी मंदावते. भार पडला की बांधणी पुन्हा जोर धरते. हे आमच्यासारख्यांना कळावे म्हणून सर तासन्‌तास फळ्यापाशी उभे राहत. चुकलो तर मात्र सडकून झापत.

एकदा प्लास्टर काढलेल्या शेळ्यांची मांडी काही केल्या भरेना. सरांनी पुस्तके पालथी घातली. शेवटी शेळ्या राखणारे भिवाजीबुवा म्हणाले, "सायब, पाला तोंडाम्होरं टाकायलाव तुमी. ती पायावर जोर कशापायी दील? उच्च बांधा." बाभळीची डहाळी उंच बांधली. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पाला ओढू लागल्या आणि काही आठवड्यांत मांड्या भरू लागल्या. सरांनी आपल्या निबंधात भिवाजीबुवांचे आभार नावानिशी मानले. मोठ्या मनाची माणसे मी थोडी पाहिली, त्यांत सर पहिले.

याच सुमारास गावी, चुडाव्याला, माझे वडील आप्पा बैलगाडीवरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. आप्पा रेल्वेत गँगमन. रुळांवरून मैलोन्‌मैल चालणे हीच त्यांची नोकरी. प्लास्टर निघाले, हाड जुळले, डॉक्टरांनी चालायला सांगितले. पण पाय सुकून त्याची तुराटी झालेली. आप्पा म्हणत, "ह्यो पाय माजा न्हाई." रेल्वेच्या तपासणीत चालून दाखवले नाही तर नोकरी जाणार होती. आम्ही लेकरांनी सेवेत कसर ठेवली नाही. पाणी उशाशी, पानाची चंची उशाशी, ताटसुद्धा खाटेवर.

हे कानावर गेल्यावर सर रविवारच्या गाडीने चुडाव्याला आले. खाटेभोवतीचा आमचा थाट पाहून त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "खंदारे, शेळीला पाला उंच आणि आप्पांना उशाशी?"

मेल्याहून मेल्यासारखे झाले. दिवसभर सुकलेल्या मांड्या मोजणारा मी, घरी बापाचा पाय माझ्याच हाताने सुकवत होतो.

सरांनी चंची उचलली आणि समोरच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. आई कळवळली, "आवं सायब, त्येंला उबं ऱ्हायला येत न्हाई!"

"म्हणूनच तिथे लावली, माय."

आप्पा चिडले. "कोन्या जल्माचे दुस्मन तुमी?" पण पानाची तलफ मोठी वाईट. अर्ध्या तासाने त्यांनी भिंत धरली, थरथरत उभे राहिले. सर त्यांच्या मागून हात पसरून चालत होते, मात्र त्यांनी आप्पांना धरले नाही. चार पावले आणि चंची हाती आली. आप्पा खुंटीला धरून रडू लागले, आणि सरांनीही चष्मा पुसला. मग सर चुलीपुढे बसून आईच्या हातची भाकरी जेवले. आमच्या वस्तीत येऊन असे जेवणारे तेव्हा थोडे होते. आई अजून सांगते.

पुढे चंची दाराशी गेली, मग अंगणातल्या लिंबाला. तपासणीच्या दिवशी आप्पा डॉक्टरांपुढे काठीशिवाय चालले. नोकरी राहिली. आमच्या घरावरचे हे उपकार फिटणारे नाहीत, आणि फिटावेत अशी इच्छाही नाही.

यंदा सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात काय लिहू, असे मी आप्पांना विचारले. ते म्हणाले, "लय वरीस जगा म्हनावं. आन् शाल बसल्या जागी देऊ नगा त्येंला."

गौरवसमितीने आप्पांचे म्हणणे एकमताने मान्य केले आहे. व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला खुंटी ठोकून झाली. सर, निरोगी राहा, शंभरी गाठा. शाल तेवढी उठून घ्या. तुमच्या मागून हात पसरून आप्पा चालतील.