मस्कतात न उठलेला हात

अड्याळात भोजराज तितीरमारेशी कोणी वाद घालत नसे. वाद घालायला दोन माणसं लागतात अन् भोजराजसमोर दुसरा माणूस उभा राहतच नसे, आडवा व्हायचा. शाळेत त्यानं वर्गमित्राचा दात पाडला. चुलतभावाच्या वरातीत बँडवाल्याला बँडसकट नालीत लोटलं. स्वतःच्या लग्नात साळ्याला, म्हणजे योगेंद्रला, भर मांडवात झापड मारली, का तर पंगतीत त्यानं भात वाढायला उशीर केला! आता सांगा, अशा माणसाला कोण मुलगी देणार? पण तोपर्यंत लग्न लागून गेलं होतं. माणूस कामाला वाघ होता, हे मात्र खोटं नाही. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत चार जणांचा चिखल एकटा तुडवायचा. पण राग आला की अक्कल मागं अन् हात पुढं. बापाचं तसंच होतं, आजाचंही तसंच.

त्यांच्या शेताला तलावाचं पाणी पाळीनं यायचं. बांधीला बांधी, म्हणजे धानाच्या खाचराला खाचर, लागून विनोदची जमीन. त्या साली धान पिवळा पडत होता, अन् भोजराजच्या पाळीच्या दिवशी विनोदनं मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून पाणी आपल्याकडं वळवलं. भोजराज धुऱ्यावरून चालत आला. विचारलं नाही, शिवी दिली नाही, सरळ फावड्याचा दांडा फिरवला. पहिल्या वारात विनोदच्या खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्यात कान फाटला. विनोद चिखलात पालथा पडला, तोंडात चिखल गेला, तरी हा मारतच होता. शेजारच्या बांधीतल्या रोवणीच्या बाया धावत आल्या, त्यांनी ओढून काढला म्हणून एक वाचला अन् दुसरा जेलात गेला नाही. पोलीस ठाण्याकडं निघालेलं प्रकरण गावच्या चार लोकांनी अर्ध्या रस्त्यातून परत आणलं.

भोजराजची बायको रिता पवनीची. त्या दिवशी ती रडली नाही. तिनं पोरीला, डिंपलला, जवळ घेतलं अन् नवऱ्याला म्हणाली, "आज विनोदभाऊ, उद्या मी, परवा ही पोट्टी. मी वाट पाहत नाही. आता जर का एकदा, एकदाच, कोणावरबी हात उठला, तं मी हिले घेऊन पवनीले जाईन. मंग न्यायले येऊ नका. दारात उभं करणार नाही."

"नाही उठणार," भोजराज म्हणाला. "देल्लो शब्द."

"अठी राहून तं उठनच," रिता म्हणाली. विनोदचे भाऊ तेव्हा काठ्या घेऊन चौकात बसून असत, तिचं काही चुकत नव्हतं. तिनंच नागपूरच्या एजंटचा पत्ता काढला, तिनंच पासपोर्टसाठी पाठपुरावा केला. अन् अड्याळचा भोजराज सेंट्रिंगच्या कामावर मस्कतला जाऊन पडला.

पडला हाच शब्द बरोबर आहे. काळे उघडे डोंगर, त्यांच्या पायाशी पांढरी घरं, झाडं म्हणाल तर रबराच्या पाइपानं पाणी पिणारी. तलावाच्या गावच्या माणसाला ते पाहूनच कोरड पडे. कंपनीचा कॅम्प शहराबाहेर होता. पत्र्याच्या खोल्यांच्या दोन लायनी, एक चढावर, एक खाली उतारावर, अन् मागं वादी. वादी म्हणजे डोंगरातून येणारा नाला, पण कोरडा ठक्क, नुसते दगड. एका खोलीत आठ जण. खाटेवर खाट. खालच्यानं कूस बदलली की वरचा शिव्या द्यायचा.

फोरमन होता कमलेश. गाव विचारलं तर बपेरा! परदेशात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला म्हणून भोजराज हरखून गेला. "दादा, मी अड्याळचा," म्हणत पुढं झाला. कमलेशनं पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी भोजराजनं स्लॅबखालचा एक टेकू वाकडा लावला, तेव्हा कमलेशनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं अन् त्याच्या कानशिलावर हाणलं. वर म्हणतो, "अड्याळचा असशील तं अड्याळात. अठी टेकू सीधा लाव."

भोजराजचे डोळे लाल झाले. उजव्या हाताची मूठ आपोआप वळली. मग त्यानं दोन्ही हात पँटच्या पट्ट्यात खुपसले अन् ओठ इतका चावला की हनुवटीवर रक्त आलं. दुपारच्या सुट्टीत तो संडासात गेला अन् सिमेंटच्या भिंतीवर बुक्क्या मारत राहिला. बोटांची सालं निघाली.

खोलीत मंगरू म्हणून एक जुना गवंडी होता, नाकाडोंगरीचा. त्यानं हळद गरम करून बोटांना लावली. "मार खाऊन घेत जा ना गा," तो म्हणाला. "अठी उलटून हात उचलला अन् साहेबाले कळलं का दुसऱ्या दिवशी विमानात बसवतेत. मारणाराबी जाते अन् मार खाणाराबी जाते."

तेव्हापासून भोजराज मार खाऊ लागला. अहो, खरंच. कमलेशचा हात सैल होता. तो प्लायवूडच्या फळीनं पाठीत मारायचा, बुटानं पिंढरीवर मारायचा, अन् सर्वांत जास्त त्यालाच, कारण हा उलटत नव्हता. त्याचं पाहून इतरांनीही हात धुऊन घेतले. स्वयंपाकघरात शेगडीवरून रोज मारामाऱ्या, एकदा एकानं उकळतं तेल दुसऱ्याच्या पायावर ओतलं, अन् त्या गर्दीत भोजराजचं पातेलं कोणी उचलून बाहेर फेकलं तरी तो खाली वाकून भात गोळा करायचा. कॅम्पात त्याचं नाव पडलं शांतीलाल. अड्याळात हे कोणाला सांगितलं असतं तर पोट धरधरून हसले असते.

बाकी त्याला शहर जमू लागलं होतं. कोणत्या रंगाची टॅक्सी स्वस्त, शुक्रवारी शहरातल्या रुवी भागाच्या बाजारात कोणत्या दुकानात आपल्यासारखा बारीक तांदूळ मिळतो, अरबीत पाणी कसं मागायचं, सगळं आलं. समुद्र पाहिला तेव्हा तो किती तरी वेळ काठावर बसून होता. रिता फोनवर पहिला प्रश्न एकच करायची, "हात?" अन् तो म्हणायचा, "खाली आहे." तिच्या आवाजात तेव्हा जो आनंद उतरायचा, त्याच्यासाठी तो दुसऱ्या दिवशीचा मार खायला तयार असायचा. पण राग काही पोटात विरघळत नव्हता. कोणी नसलं की तो एकटाच दात खात बसायचा, अन् कमलेशला कुठं कुठं मारायचं हे मनातल्या मनात ठरवायचा.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी डोंगरावर आभाळ फाटलं. कॅम्पात थेंब नाही, अन् मागून गाडी यावी तसा घरघर आवाज आला. वादी आली होती. तांबडं पाणी, त्यात दगड, झाडं, एक अख्खं मोटारीचं दार. कॅम्पाची मागची भिंत एका जागी खचली अन् पाणी आत घुसलं. शहाणी माणसं उंचावर पळाली. भोजराज मात्र पाण्याच्या दिशेनं पळाला.

झाडीतल्या, म्हणजे आमच्या धानाच्या मुलखातल्या, माणसाला वाहतं पाणी दिसलं की त्याच्या हातात फावडं येतं. विचार मागून येतो. त्यानं वाळू ओढली, सिमेंटच्या थैल्या आडव्या टाकल्या, प्लायवूडच्या फळ्या उभ्या खोचल्या अन् छातीभर पाण्यात उभं राहून बघता बघता धुरा घातला. "या बे, थैल्या आणा!" तो ओरडत होता. आल्यापासून त्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. धुरा टिकला, पाणी वळलं, त्याची खोली होती ती वरची लाइन कोरडी राहिली. भोजराज खुशीत हसला. आपली बांधी वाचली की काम झालं, खालच्यानं आपलं पाहावं, हेच तो जन्मभर शिकलेला.

खाली दुसरी लाइन होती. वळलेलं पाणी एकदम तिच्यावर गेलं. तिथं कमलेशचा लहान भाऊ कुलदीप तापानं फणफणून झोपला होता. पाणी खोलीत शिरलं, जमिनीवरचा बिजलीचा बोर्ड बुडाला. कुलदीपनं उठून पाय खाली ठेवला अन् करंट बसून फेकला गेला. त्याला बाहेर काढलं तेव्हा पायाची कातडी सोलून निघाली होती, दातखिळी बसली होती.

कमलेश पायटाचा, म्हणजे परांचीचा, लोखंडी पाइप घेऊन आला. "पाणी कोणं वळवलं?"

भोजराज चिखलात उभा होता. त्यानं कुलदीपकडं पाहिलं, मग खालच्या लायनीकडं, अन् आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. "मी," तो म्हणाला.

पहिला पाइप बरगडीवर बसला. काडकन आवाज झाला. दुसरा मांडीवर, तिसरा तोंडावर. भोजराज गुडघ्यावर आला, तोंडातून दात अन् रक्त थुंकला. खालच्या लायनीतले आणखी दोघं-तिघं बुटांनी तुडवू लागले. मंगरू मधे पडला, त्याला ढकलून दिलं. कोणीतरी वरून मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. भोजराजच्या उजव्या हाताजवळ फावडं पडलेलं होतं. हात फावड्याकडं गेला, बोटं दांड्याभोवती वळली. मग त्यानं बोटं सोडली अन् हात पोटाखाली घेऊन त्याच्यावर पालथा पडला, स्वतःच्या हातावर स्वतःच बसल्यासारखा.

"उचल ना बे हात!" कमलेश रडत रडत ओरडत होता. "हात तरी उचल!"

भोजराजनं उचलला नाही. शेवटी पाइप मारणाऱ्याचेच हात थकले.

कुलदीप वाचला. कॅम्पाच्या साहेबानं विचारलं तेव्हा भोजराजनं सांगितलं, पायरीवरून घसरलो. व्हिडिओ तर साहेबापर्यंत कोणी पोचू दिला नाही. नाही तर कमलेश गेला असता, त्याच्या भरवशावर आलेला कुलदीप गेला असता, अन् मंगरूनं सांगितल्याप्रमाणे हाही गेला असता. त्यानंतर त्याच्यावर कोणी हात टाकला नाही. कमलेश स्वतः डबा घेऊन त्याच्या खाटेपाशी यायचा अन् त्याचं जेवण होईस्तोवर बसायचा. मस्कतात भोजराजची जागा पक्की झाली.

बरगडी जुळली, पुढचे तीन दात मात्र गेले. दिवाळीत सुट्टी मिळाली अन् तो मंडईला गावी आला. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, अन् त्या दिवशी घरी पाहुणा नाही असं घर दाखवा! अंगणात मांडव, चुलीवर मटण, रात्रीच्या दंडारीची, म्हणजे नाचगाण्याच्या खेळाची, तयारी. रिता नव्या साडीत इकडून तिकडं पळत होती. डिंपल बापानं आणलेले चमकीचे जोडे घालून पाहुण्यांना पाणी देत होती. तिला बापाचा हात सोडवत नव्हता. भोजराजला वाटलं, झालं, आता सगळं मिळालं.

पंगत बसली. रिताचे काका भैय्यालाल अन् भाऊ योगेंद्र समोरासमोर होते. अन् भैय्यालालनी हाड चोखता चोखता म्हटलं, "काय जवाई, व्हिडिओ पाहलो तुमचा. भल्ता धुतला गा तुमाले!"

पंगत हसली. भोजराज बोळक्या तोंडानं हसला, पण घास तोंडातच राहिला. गावानं पाहिलं होतं तर! विनोदच्या भावांनीही पाहिलं असणार.

रिता भाताचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन वाढत होती. ती थांबली. तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "धुतला ना काका! दात पाडले, बरगडी मोडली. पण यायनं हात नाही उचलला. फावडं हातात होतं तरी नाही उचलला. माह्यासाठी!"

"म्हंजे वाघाची शेळी केलीस वो तू," भैय्यालाल म्हणाले, अन् सगळी पंगत खो खो हसली. रिताही हसली. तिच्या मनात काही नव्हतं. तिला शेळीच हवी होती.

भोजराज कधी उठला ते त्यालाच कळलं नाही. दोन वर्षांचा सगळा मार त्या एका हातात गोळा झाला होता. झापड अशी बसली की रिता चुलीवरच्या पातेल्यावर जाऊन आदळली अन् गंजातला भात मातीत सांडला.

योगेंद्रनं उठून त्याची गचांडी धरली. "सोड त्याले," रिता म्हणाली. ओठ फाटला होता, मनगट भाजलं होतं. "पाहुणे उपाशी उठत नाही. बस, जेव."

तिनं दुसरं गंज आणलं. गालावर पाच बोटं घेऊन तिनं शेवटच्या पाहुण्यापर्यंत भात वाढला, ताक वाढलं. सगळे मान खाली घालून जेवले. मग तिनं हात धुतले, आत जाऊन पिशवी भरली अन् डिंपलला घेऊन बाहेर आली.

भोजराज मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. "रिता, चुकलं. एकदाच ना वो."

"एकदाचंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "कमलेशसमोर खाली राहला तुमचा हात. तो तगडा होता. माह्यावर उठला."

योगेंद्रनं मोटारसायकल चालू केली. रिता मागं बसली. भोजराज पोरीपाशी गेला. त्यानं तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढं केला. डिंपल खाली बसली अन् तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.