गोड झालेलं पाणी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घरीच माल्ट व्हिस्की करून पाहायची हौस आली. जन्मभर पोरांना ऊर्ध्वपातन शिकवलं, पण ते कधी फळ्याबाहेर गेलं नव्हतं. कायद्याचा विचार मी सोयीनं बाजूला ठेवला आणि बायकोला सांगितलं, "जवाचं सत्त्व करतोय."

मंठ्याच्या बाजारातून दोन किलो जव आणले. ते भिजवून ओल्या गोणपाटावर पसरले. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं फुटली. मग गच्चीवर वाळवले, भरडले आणि भरड गरम पाण्यात तासभर झाकून ठेवली. चाखलं तर पाणी गोड! साखरेचा कणही घातला नव्हता. मी आनंदानं वाटी भरून बायकोपुढं धरली.

तिनं घोट घेतला. "लई गोड हाय. पण नेमकं काय करून राह्यलात तुम्ही?"

मला खोटं बोलवेना. "हे आंबवायचं, मंग गाळायचं. दारू."

तिनं वाटी खाली ठेवली. तिचे वडील दारूपायी गेले एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं तिनं त्या दुपारी सांगितलं.

"बाबा पिऊन आले की आई आम्हाला तुरीच्या रानात लपवायची. आजून दारूचा वास आला की पळावं वाटतं."

"इतक्या वर्षांत बोलली न्हाईस."

"तुम्ही पीत नव्हता. मंग कशाला सांगू?"

मी पातेलं उचललं, ते पाणी गाळून दुधात उकळलं. दोघं प्यालो. तिनं आणखी अर्धी वाटी मागून घेतली.