काकूंचा हातगुण

प्रयोगशाळेत त्यांना सगळेच काकू म्हणत. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या प्रमुख बाईसुद्धा. काकूंचं काम बावीस वर्षं एकच होतं, पेशी वाढवायच्या. रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी बशीत घालायच्या, त्यांना गुलाबी पोषणद्रव द्यायचा, उबदार कपाटात ठेवायचं आणि डोळ्यांत तेल घालून जपायचं. "माझी पोरं मोठी होऊन उडून गेली," त्या म्हणत, "ही मात्र कायम तान्हीच."

आपण नेमकं काय वाढवतोय याची चौकशी त्यांनी बरीच वर्षं केली नव्हती. मग धाकट्या बहिणीचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणारी फौजच घरच्यांवर उलटली आहे. दुसऱ्या दिवशी काकू थेट प्रमुख बाईंच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, या फौजेला आवरणारं कुणी नसतं का हो?"

"असतं की. तुमच्याच बशीत आहे," बाई हसल्या. "या पेशींमध्ये एक जनुक जागं असलं, की त्या फौजेला आवर घालतात. ते झोपलं, की आवर घालणंच विसरतात."

"मग त्याला झोपू कशाला द्यायचं?"

"तेच तर शोधतोय. जनुकावर बारीक रासायनिक ठिपके बसतात आणि त्याचं तोंड बंद करतात. ठिपके काढणारी यंत्रणा पेशीतच असते, पण तिला काम करायला क जीवनसत्त्व लागतं. म्हणून तर ते आपण पोषणद्रवात घालतो."

त्या दिवसापासून काकू बशी उचलताना जरा जास्तच हळू उचलू लागल्या.

हा प्रयोग होता तुफानचा. ही संशोधक मुलगी दोन पायऱ्या एकदम चढायची, म्हणून हे नाव. काम चोख, पण सदा घोड्यावर. प्रयोगाचं झालं असं, की काकूंनी वाढवलेल्या बशांमध्ये शंभरातल्या ऐंशी पेशींत जनुक जागं राहायचं आणि तुफानच्या बशांमध्ये जेमतेम तीसेक पेशींत. पेशी त्याच, कपाट तेच, कृतीचा कागदही तोच. तीन आठवडे झाले, पोरगी रडकुंडीला आली.

"काकूंच्या हाताला गुणच आहे," कुणीतरी म्हणालं. काकू मनातून फुलल्या. पण प्रमुख बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"एकाच्याच हातून जमतं ते विज्ञान नव्हे. तो हातगुण झाला, आणि हातगुण छापता येत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. आपण काही लपवतोय असं यांना वाटतंय की काय? त्या तुफानला म्हणाल्या, "ये, बस माझ्याशेजारी. मी करते ते सगळं बघ. जराही फरक दिसला तर तिथंच हात धर माझा."

तुफान बसली. हातमोजे, बशा, मोजमाप, सगळं जुळलं. मग काकूंनी एक डबी उघडली आणि चिमूटभर पांढरी पूड तराजूवर तोलायला घेतली.

तुफाननं खरोखरच त्यांचा हात धरला. "हे काय?"

"क जीवनसत्त्व. दुसरं काय?"

"अहो, पण मी एक तारखेलाच मोठी बाटली कालवून ठेवलीय! महिनाभराची!"

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "महिनाभराची? अगं, कापलेलं लिंबू तरी ठेवतेस का महिनाभर? हे तर पाण्यात कालवलं की हवा लागून खराब होत जातं. मी दर वेळी ताजं करते."

"कागदावर 'ताजं' लिहिलेलं नाहीये, काकू!"

"ते काय लिहायचं असतं?"

घोडं पेंड खात होतं ते इथं. तरी बाई म्हणाल्या, अंदाज पुरे, पडताळून बघा. म्हणून अदलाबदल ठरली. तुफाननं पूड ताजी कालवून वापरायची, काकूंनी ती जुनी बाटली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काकूंनी आपल्या पेशींना मुद्दाम शिळं वाढलं, तेही "माफ करा गं बायांनो" असं पुटपुटत.

पाचव्या दिवशी दुपारी यंत्रावर आकडे उमटले. तुफानच्या बशीत एक्क्याऐंशी. काकूंच्या बशीत एकोणतीस.

"नापास!" काकू टाळ्या वाजवत ओरडल्या. "मॅडम, मी सपशेल नापास झाले!" शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. तुफाननं काकूंना अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला, आणि प्रमुख बाईंनी तो स्वतः वाकून उचलला.

कृतीच्या कागदावर नवी ओळ आली: 'क जीवनसत्त्व दर वेळी ताजं कालवावं.' पुढं शोधनिबंध छापून आला, तेव्हा लेखकांच्या यादीत तिसरं नाव काकूंचं होतं. त्यांनी तो बहिणीला नेऊन दाखवला.

बहिणीनं पानं उलटसुलट केली. "म्हणजे आता माझे गुडघे बरे होणार?"

"इतक्यात नाही गं. अजून बशीतच आहे सगळं. वर्षं लागतील, आणि जमेलच असंही नाही."

"मग काय, लावा वर्षं," बहीण म्हणाली. "पण तुझं नाव तिसरं का? पहिलं का नाही?"

"अगं, प्रयोग तुफानचा होता."

"असू दे," म्हणत बहिणीनं पेन घेतलं आणि काकूंच्या नावाखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या.