पडद्यावर मार खाल्लेला जैतू

जैतूनं गोऱ्या फौजदाराचा मुडदा पाडला, अशी आवई १९३८ च्या उन्हाळ्यात शहापूरच्या बाजारात उठली होती. ती फुगवण्यात माझाही हात होता, कबूल. खरं सांगायचं तर तो मेला नव्हता, गोरा नव्हता, अन् फौजदारही नव्हता. तोंडाला पावडर फासलेला, मुंबईच्या बोलपट कंपनीचा नट होता तो. दात मात्र त्याचे खरेच पडले, दोन.

जैतू कातकरी माझ्या बांधाला लागूनच राही, कोळशाच्या भट्ट्या लावी. जन्मात कोणाची कोंबडी उचलली नाही, पण कातकरी म्हणजे जन्मजात चोर, असा सरकारचा कायदा; म्हणून चौकीवर रोज हजेरी. कंपनी कसाऱ्याच्या डोंगरात आली तेव्हा हवालदार त्याला म्हणाला, "चोराचं काम कर. मुकाट मार खाल्लास, तर हजेरीतून तुझं नाव काढतो."

जैतू गेला, पडद्यावरही चोराची बायको व्हायला त्याची बायको मंगळी गेली. मीही गेलो, बघायला काय, फुकट होतं. कंपनीवाल्यांना जैतू पुरेसा काळा वाटेना! त्याच्याच भट्टीतला कोळसा तेलात खलून अंगाला फासला.

"बोलायचं नाही, नुसतं हू-हू करायचं," मालकानं बजावलं.

"आमाला मराठी येते," जैतू म्हणाला.

"चोराला येत नाही."

नटाच्या हातातला वेत खरा होता. पहिल्या खेपेला जैतूची पाठ फुटली. मालक ओरडला, "यंत्र अडकलं, पुन्हा!" दुसऱ्या खेपेला करंगळी मोडली. कोळशावर रक्त उठून दिसेना, म्हणून वरून लाल रंग ओतला. जैतू हू-हू करत राहिला. हजेरी सुटायची होती ना! तिसऱ्या खेपेला नटानं मंगळीच्या पोटात बुटाची लाथ घातली. ती जागीच दुमडली. जैतूनं वेत हिसकून उलटी मूठ त्याच्या तोंडावर हाणली, ते दोन दात. मग खऱ्या हवालदारानं बंदुकीच्या दस्त्यानं जैतूचा डावा डोळा फोडला. हजेरी रोज दोनदा झाली.

दिवाळीनंतर शहापुरात तंबू लागला, त्यात हाच बोलपट. जैतू पुढं मातीत बसलेला, मी त्याच्या मागं. लाथेपर्यंत सगळं दाखवलं, पुढचं कापलेलं. फौजदाराच्या जयजयकारानं तंबू दणाणला.

बाहेर पडताना माझी जीभ वळवळलीच. "जैत्या, चोर शोभलास हो! पण दात पाडलेस ते कुठं गेलं?"

त्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "माज्या मागं तूच बसला व्हतास रे. मंगळीला लाथ बसली, तवा टाळ्या तुज्याच व्हत्या."