साळवेभाऊंच्या दुकानात साडी

साळवेभाऊंच्या दुकानात कॉम्प्युटर घ्यायला जाताना घरातली एक साडी सोबत न्यावी लागे. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी नेली होती वही.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. सव्वीस वर्षं सुटे भाग मोजत आलो, त्यामुळे मापल्याशिवाय घरातही काही घेत नाही. माझी मुलगी कावेरी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करते. दोन वर्षं तिनं एका स्टुडिओत दुसऱ्याच्या हाताखाली काढली. मग तिला स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं, खुलताबादच्या एका लग्नाचं. अल्बम आणि चाळीस मिनिटांची फिल्म तीन आठवड्यांत द्यायची होती आणि घरचा लॅपटॉप दर पाच मिनिटांनी गोठत होता. "हे काम बिघडलं ना बाबा, तर मी परत स्टुडिओत जाऊन दुसऱ्यांच्या बॅगा उचलणार," ती म्हणाली. तेव्हा मी वही काढली.

वहीत तेरा कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण. प्रोसेसरला पस्तीस, रॅमला वीस, ग्राफिक्स कार्डला वीस, साठवणुकीला पंधरा, पंखा आणि कॅबिनेटला पाच, स्क्रीनला पाच. पहिला आलेला कॉम्प्युटर जोडून घ्यायला मी औरंगपुऱ्यात साळवेभाऊंकडे गेलो.

मिलिंद साळवे आता सोयगावला भावाकडे राहतात, पण तेव्हा एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं छोटं दुकान होतं. साठीचा सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. आधी वीस वर्षं ते फोटोच्या कलर लॅबमध्ये होते. या भागातल्या किती नवऱ्या त्यांच्या हाताखालून छापून निघाल्या असतील, त्याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती. मला याचंच फार वाईट वाटलं.

त्यांनी माझी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. असं वाचणारा मला पहिलाच भेटला.

"साहेब, वही झकास हाय. पण स्क्रीनला पाचच गुण? पोरगी काम कशात बघून करनार? वहीत?"

"स्क्रीन बावीस इंची आहे," मी म्हणालो.

"इंच तर फळीलाबी असतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मशीन हळू असलं तर माणूस चहा पितो. रंग चुकला तर शिव्या खातो. नवरीची साडी कोणत्या रंगाची होती?"

मी कावेरीला फोन लावला. साडी रामा रंगाची होती, हिरव्या-निळ्याच्या मधली. भाऊंनी कपाळाला हात लावला. "लई नाटकी रंग. जरा स्क्रीन हलकी असली की निळा होऊन बसतो. घरात रामा रंगाचं काय हाय का? असंल तर उद्या घेऊन या. पोरीला कॅमेऱ्यासकट आणा."

घरी रामा रंगाची एकच वस्तू होती, बायकोची लग्नातली पैठणी. ती कुणाच्या हाती देणं सुनंदाला मान्य नव्हतं, म्हणून पैठणीबरोबर तीही आली. "एवढ्या वर्षांत माझ्या साडीची चौकशी केली ती कॉम्प्युटरवाल्यानं," जिना चढताना ती मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

दुकानापुढच्या गॅलरीत कठड्यावर आधी स्वच्छ चादर टाकून, उजेडात पैठणी पसरली. कावेरीनं फोटो काढला. आत टेबलावर तीन स्क्रीन शेजारी शेजारी मांडलेले. भाऊंनी तोच फोटो तिन्हींवर लावला. पहिला स्क्रीन माझ्या वहीतला होता.

"अगंबाई, ही कुणाची साडी?" सुनंदा म्हणाली.

साडी निळी झाली होती. दुसऱ्यावर ती पोपटी वाटत होती आणि तिसऱ्यावर बरीचशी आमच्या घरातली. बरीचशी म्हणजे किती टक्के, ते मला ठरवता येईना. मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही एवढी वर्षं रंग पाहिलेत. तुम्हीच सांगून टाका."

"मला इचारू नका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. पांढरा कागद मला पिवळा दिसतो. म्हणून तर गिऱ्हाइकाला साडी आणायला सांगतो, त्याचं त्यानं बघावं."

"मग ऑपरेशन का करत नाही?"

"भेव वाटतं, साहेब," ते मोकळेपणानं हसले. मग कावेरीकडे वळले. "माय, काम तुझं, डोळा तुझा. तू बस. साहेब, तुम्ही आन् वहिनी जरा गॅलरीत उभं राहा."

"मी बाहेर?"

"व्हय. तुम्ही बोललात की ती तुमच्याकडं बघती, स्क्रीनकडं नाय."

सव्वीस वर्षांत तपासणी चालू असताना मला कुणी बाहेर काढलं नव्हतं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. सुनंदा पैठणीची घडी घालत होती.

"काय मोजताय?"

"मिनिटं."

"मोजा."

एकतीस मिनिटांनी कावेरीनं हाक मारली. तिनं तिसरा स्क्रीन घेतला होता. तो ठरलेल्या रकमेत बसावा म्हणून प्रोसेसर एक पायरी खालचा निवडला होता आणि रॅमला मात्र हात लावला नव्हता. माझ्या वहीत हा कॉम्प्युटर चौथा होता.

"यावर फिल्म तयार व्हायला निदान दहा मिनिटं जास्त लागतील," मी सांगून पाहिलं.

"तेवढ्यात मी जेवेन, बाबा."

साळवेभाऊंनी कॉम्प्युटर जोडला. कावेरीचाच व्हिडिओ त्यावर दिवसभर चालवला आणि अधूनमधून आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा कॅबिनेटवर हात ठेवत राहिले. "ताप नाय," ते संध्याकाळी म्हणाले. "न्या घरी."

अल्बम आणि फिल्म मुदतीच्या दोन दिवस आधी तयार झाली. आम्ही तिघं खुलताबादला गेलो. नवरीच्या आईंनी अल्बमचं पहिलं पान उघडलं आणि त्या पुढचं पान उलटेचनात. कावेरीनं माझी बाही घट्ट धरली होती.

"या रंगासाठी मी गुलमंडीवर पाच दुकानं पालथी घातली," अखेर त्या म्हणाल्या. "दुकानदार म्हणला, निळीच घ्या, फोटोत समदं निळंच येतं. आता हे नेऊन त्याच्या तोंडापुढं धरते!" धाकट्या मुलाच्या लग्नाचं काम त्यांनी तिथंच कावेरीला सांगितलं.

पुढच्या वर्षी कावेरी आणि सुनंदा भाऊंच्या मागेच लागल्या आणि त्यांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. दुसरी पट्टी निघाल्यावर त्यांचा फोन आला. "वहिनी, आमच्या घराची भिंत पांढरी हाय! मला वाटलं, रंगाऱ्यानं पिवळट रंग लावून फसवलं. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हतो!"

त्याच आठवड्यात ते काळा चष्मा लावून घरी आले. म्हणाले, "मी विकलेल्या स्क्रीनवर काय दिसतं, ते मलाबी बघू द्या की." कावेरीनं ती खुलताबादची फिल्म लावली. अनोळखी माणसांचं लग्न त्यांनी चष्मा काढून, चाळीसच्या चाळीस मिनिटं, मांडीवर हात ठेवून पाहिलं. मध्येच "वा" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "माय, सगळं झकास. पण हळदीचा रंग लालसर झालाय. तेवढा उतरव."

मला वाटलं, ती लगेच माउस हातात घेईल. ती हलली नाही.

"नाही काका. ती त्यांची घरची, उखळात कुटलेली हळद होती. ती अशीच दिसत होती. मी तिथं होते, तुम्ही नव्हता."

मी दचकलो. वीस वर्षं रंगात काढलेला माणूस घरी आला आणि त्याला हे ऐकवायचं? पण भाऊ असे हसत सुटले की खुर्ची करकरायला लागली.

"नव्हतो बाबा, मी नव्हतो तिथं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला त्यांनी हात वर नेला.

"भाऊ, डोळ्याला हात लावायचा नाही!" सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली.

तो हात तसाच हवेत धरून साळवेभाऊ हसत राहिले.