पावणेतेरा आणे पोट

कोल्हापुरात आजवर जेवढी माणसं जेवली, त्यांत ऐन जेवणात मध्येच थांबणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजी एका फौंड्रीत फोरमन होते. एकोणीसशे नव्वदच्या आसपास कारखान्यात जपानी मशीन यायचं ठरलं आणि ते शिकायला मालकांनी दाजींना महिनाभर तिकडं धाडलं. आम्ही जैन, त्यामुळं मासे वर्ज्य. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, मेतकूट, चटण्या आणि पिशव्या भरून भडंग बांधून दिलं. माणूस वाळून परत येणार अशी सगळ्यांना धास्ती होती. दाजी आले ते खरोखरच वाळून, पण चेहऱ्यावर दीक्षा घेतल्यासारखं तेज!

तिकडं ते ज्यांच्या घरी राहिले, ती जोडी नव्वदीला टेकलेली. म्हातारा अजून सायकलवरून भाजी आणायचा. दोघं समोरासमोर बसून चिमुकल्या वाडग्यांतून सावकाश जेवायची आणि थोडी भूक शिल्लक ठेवून उठायची. दुभाष्यानं सांगितलं, पोट ऐंशी टक्के भरलं की थांबायचं, ही त्यांची जुनी रीत. दाजींचा हिशोब लहानपणापासून आण्यांचा. त्यांनी तिथल्या तिथं ऐंशी टक्क्यांचे सोळा आण्यांतले पावणेतेरा आणे केले आणि हा आकडा घेऊन ते कोल्हापुरात उतरले.

यामागं नुसता छांदिष्टपणा नव्हता. दाजींचे वडील, दोन्ही चुलते आणि थोरला भाऊ, सगळे साठीच्या आत हृदयविकारानं गेलेले. मागं राहिलेल्या आईनं एकटीनं कसे दिवस काढले, ते दाजींनी बघितलं होतं. एकदा मला म्हणाले, "पावणं, हिला मागं ठेवून मला जायचं न्हाय. म्हातारपणी त्या दोघांसारखं आमी समोरासमोर बसून च्या प्यायचा. एवढ्यासाठी चाललंय समदं."

मग घरात जपान सुरू झाला. दाजींनी लेथवर अॅल्युमिनियमच्या, जेवायच्या दोन काड्या करून आणल्या. भाकरी काही काड्यांनी तुटेना, तेव्हा त्यांनी काड्यांचा मोर्चा भडंगाकडं वळवला. एकेक चिरमुरा उचलून तोंडात टाकायचा, मिटल्या डोळ्यांनी चावायचा. बातम्यांना सुरू केलेलं बशीभर भडंग हवामान आलं तरी संपत नसे. जेवताना मध्येच थांबून ते पोटावर बोटानं टकटक करायचे. ओतून काढलेलं कास्टिंग आतून पोकळ आहे का, हे ठोकून बघायची फौंड्रीतली सवय होती ती. आवाज मनासारखा आला की म्हणायचे, "झालं पावणेतेरा आणं," आणि हात धुवायचे. सोयाबीनचं पनीर करायचा त्यांनी एकदा घाट घातला. त्या वासानं शेजारीण दार वाजवून विचारून गेली, "अक्का, घूस मेली काय वो कुठं?" आल्यागेल्याला बिनदुधाचा, बिनसाखरेचा गवती चहा मिळू लागला. एका बिचाऱ्यानं कप परत देत हळूच विचारलं, "म्हस आटली व्हय?"

अक्काचा जीव मात्र या सगळ्यात कोंडला. आमच्याकडं माया बोलून दाखवत नाहीत, ताटात वाढतात. दाजींनी "झालं" म्हणायचा अवकाश, ती चमचा पुढं करायची, "एवढं एक घ्या की!" दाजी ताटावर हात आडवा धरून म्हणायचे, "नको." रोज दोन्ही वेळा हा सामना व्हायचा आणि रोज अक्का हरायची. एकदा फणकाऱ्यानं म्हणालीही, "भूक ठेवून उठायचं ह्येला आपल्यात ऊनोदर म्हणत्यात. सासूबाई जलमभर करत हुत्या. त्येच्यासाठी इमानात कशाला बसाय पायजे हुतं?" दाजी त्या दिवशी पोट न ठोकताच उठले.

गडमुडशिंगी गावातल्या एका लग्नात तर कहर झाला. पंगतीत खपली गव्हाच्या खिरीची दुसरी फेरी आली आणि दाजींनी हात आडवा धरला. मुलीकडच्यांनी आग्रह केला, दाजी ढिम्म. पंगतीत कुजबुज सुरू झाली, "पावणं रुसलं! मानपानात काय राहिलं?" मुलीचा बाप घाबराघुबरा धावत आला, हात जोडून म्हणाला, "चुकलं असंल तर पदरात घ्या." दाजी जपानबद्दल काही सांगणार, तोच बायकांच्या पंगतीतून अक्काचा आवाज आला, "ऊनोदराचं वरत हाय वो त्येंचं!" झालं! मुलीच्या बापानं चक्क पाय धरले. घरी येताना दाजी धुमसत होते, "वरत कसलं? जपानी पद्धत हाय ही." अक्का म्हणाली, "जपान म्हटल्यावर कोण सोडत न्हाय, वरत म्हटलं की सोडत्यात. गप चला." घरात रोज हरणाऱ्या अक्कानं चारचौघांत दाजींची बाजू सावरून घेतली, हे मला फार आवडलं.

दाजींनी साठी ओलांडली, त्या दिवशी अक्का देवळात जाऊन आली आणि दोघं समोरासमोर बसून बिनदुधाचा चहा प्याली. तोंड वाकडं करत का होईना, ती प्याली. पुढं बरीच वर्षं हे चालू राहिलं. मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि अक्काच गेली. सगळी काळजी दाजींच्या बाजूनं घेतली होती, मरण दुसऱ्याच बाजूनं आलं. मला फार वाईट वाटलं, आणि देवाचा रागही आला.

सुतकानंतर आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. बायकोनं स्वयंपाक केला. दाजी जेवता जेवता थांबले, सवयीनं पोट ठोकलं, पुन्हा ठोकलं आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं, दाजी?" मी विचारलं.

"कळंना झालंय," ते म्हणाले. "पावणेतेरा आणं मला पोटातनं कळत्यात असं वाटायचं. तसं नव्हतं, पावणं. हिनं चमचा उचलला की मला कळायचं, आता थांबायचं. आता कुठं थांबू?"

बायको उठली. पदरानं डोळे पुसले, खिरीचं पातेलं घेऊन आली आणि चमचा पुढं करत म्हणाली, "दाजी, एवढं एक घ्या की."

दाजींनी झटकन ताटावर हात आडवा धरला. "नको, नको," म्हणाले. कितीतरी वेळ ते तसाच हात आडवा धरून बसले होते, आणि बायकोही चमचा मागं घेत नव्हती. मग त्यांनी हळूच हात बाजूला केला.